पुढचं फूल

माझी ताई डावखुरी होती आणि आमच्या कामात ते लपत नाही. गमपेस्ट, म्हणजे साखरेची कणीकच म्हणा, पातळ लाटायची, तिच्या अरुंद पट्ट्या कापायच्या आणि सुईभोवती गुंडाळून केकवरची फुलं करायची. माझ्या गुंडाळ्या उजवीकडे वळतात, तिच्या डावीकडे वळायच्या. वीस वर्षं एका टेबलावर बसलो, पण कुठलं फूल कोणाचं हे कधी विचारावं लागलं नाही.

मागच्या वर्षी ती आजारी पडली आणि तिचा हात थरथरायला लागला. तरी हट्ट एकच, लेकीच्या लग्नाच्या केकवरचं पुढचं, दर्शनी फूल मीच करणार. लग्न ठरलंही नव्हतं, पण बाई सरावाला बसल्या. तासाभरात एक वेडंवाकडं फूल झालं. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यात त्या दिवशी घाई. मी तिच्या हातातली पट्टी ओढून घेतली आणि म्हटलं, "राहू दे ताई, माझंच काम वाढतं." ताई उठली. हात धुऊन घरी गेली, ती पुन्हा टेबलावर आलीच नाही. तिला जाऊन आता आठ महिने झाले.

भाचीचं लग्न शनिवारचं ठरलं. केक अर्थातच माझ्याकडे. चाळीस फुलं, त्यातलं पुढचं तळहाताएवढं. सोमवारीच सगळी करून खोक्यात वाळत ठेवली. एका दिवसात ती इतकी कडक होतात की टिचकी मारली तर वाजतात.

बुधवारी सकाळी खोकं उघडलं, तर पुढच्या फुलाच्या जागी दुसरंच फूल. वेडंवाकडं, गुंडाळ्या डावीकडे वळलेल्या. बोट लावलं तर मऊ लागलं, आत्ताच कोणी करून उठल्यासारखं. कामाच्या खोलीची किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. फूल चुरगळून कचऱ्यात टाकलं आणि घाईघाईने नवं करायला बसले.

गुरुवारी पुन्हा तेच. माझं फूल गायब, तिथे ते. शेजारच्या बेकरीवाल्याला जाऊन सांगितलं की उंदीर माझी फुलं बदलून ठेवतात.

"माझ्याकडचे नुसते खाऊन जातात," तो म्हणाला. "तुमचे बरेच कामसू निघाले."

मी हसले. परत येऊन तेही फूल टाकलं आणि आणखी एक केलं.

शुक्रवारी त्या जागी काहीच नव्हतं. माझंही नाही, तिचंही नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ताई रागावली की बोलायचीच नाही.

भाची चार वाजता केक न्यायला येणार होती. एकोणचाळीस फुलं बसवून झाली तेव्हा अडीच वाजले होते. मी पट्ट्या कापल्या, सुई उचलली आणि हात थांबला. हे फूल मी केलं असतं तर ताईला टेबलावरून चौथ्यांदा उठवलं असतं.

सुई तिच्या बाजूला, डावीकडे ठेवली. पट्ट्या वाळू नयेत म्हणून वर ओलं फडकं टाकलं.

"चुकले गं ताई," मी म्हटलं. "तुझं तू कर. कसंही होऊ दे."

आणि भिंतीकडे तोंड करून बसले. रडत होते, हे कबूल करते. मागे खुर्ची सरकली. मी वळले नाही. बऱ्याच वेळाने सुई बशीत ठेवल्याचा बारीक आवाज आला. काम संपलं की ताई सुई बशीतच ठेवायची.

वळले तेव्हा केकवरची पुढची जागा भरलेली होती.

भाची चारला आली. केकभोवती एक फेरी मारून पुढ्यात थांबली.

"मावशी, हे एकच असं वाकडं का?"

"ते तुझ्या आईचं आहे."

तिला वाटलं, आजारपणात केलेलं मी जपून ठेवलंय. डोळे भरून आले तिचे. तिने त्या फुलावरून हलकेच बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "अजून ओलं आहे."