सहा डबे आणि चांदीचा मुलामा

वर्लिन स्टिडमचा डेसिबलचा हिशेब कधी चुकला नव्हता. माणसांचा त्याने फारसा मांडलाच नव्हता. केंटकीच्या डोंगरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाचा रिपीटर माथ्यावर उभा केला तो त्यानेच. घळींतले क्षीण आवाज ऐकायचे आणि त्याच क्षणी मोठ्याने चहूकडे फेकायचे, एवढंच त्या यंत्राचं काम. पण स्वतःच्या ओरडण्याने स्वतःच्याच कानठळ्या बसू नयेत म्हणून मध्ये तांब्याचे सहा उंच डबे लागत. तेही वर्लिनच्या हातचे.

"तुझा डोंगर एस्टिलचा अर्धा आवाज गिळतोय," क्लबाच्या न्याहारीला बर्ल नेपियर पावासारख्या मऊ बिस्किटावर ग्रेव्ही ओतत म्हणाला.

एस्टिल फुगेटची फुप्फुसं खाणीतल्या कोळशाने भरलेली. नाकाला ऑक्सिजनची नळी. त्याच्या घळीत मोबाइल लागत नसे. रोज सकाळी सातला क्लब रेडिओवर हजेरी घ्यायचा; त्याचं नाव पुकारलं की तो हातातल्या रेडिओवरून तुटक तुटक "आहे" म्हणायचा.

"डब्यांना आतून चांदी चढवतो," वर्लिन म्हणाला.

"आता तुझ्या डब्यांचं लग्न लावायचंय का? लेका, तांबं काय वाईट आहे? चांदीने फरक पडला तर वर्षभर डोंगररस्त्यावरचं बर्फ मी उपसेन."

सगळं टेबल हसलं. वर्लिनच्या ते जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच माथ्यावर गेला. डबे सोडवताना त्याला अँटेनाच्या केबलचा जोड दिसला. आत पाणी शिरून हिरवा पडलेला. त्याने जोड घासूनपुसून घट्ट केला आणि डबे पुन्हा लावून मीटर पाहिला. हरवलेले अडीच डेसिबल परत आले होते. खरं दुखणं त्या जोडातच होतं. आता खाली उतरायचं आणि ग्रेव्ही खायची, एवढंच उरलं होतं.

पण उद्या चांदीशिवायच एस्टिल स्वच्छ ऐकू आला तर बर्ल काय म्हणेल, हे वर्लिनला पाठ होतं. त्याने रिपीटर बंद केला आणि सहाही डबे गाडीत घातले.

माथ्यावर निघण्याआधी, सकाळच्या हजेरीतच, त्याने चांदीसाठी रिपीटरची नऊ दिवसांची सुट्टी जाहीर केली होती. "चांदी म्हणजे... मी आता... श्रीमंत," एस्टिल तुटक हसला होता.

सहाव्या दिवशी पडताच गोठणारा पाऊस झाला. बर्फाने जड झालेलं झाड एस्टिलच्या घळीत जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेवर कोसळलं. त्याच दुपारी एस्टिल गेला.

दफनानंतर त्याची बायको ऑर्फा वर्लिनला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याने मला शिकवलं होतं ना, बटण सोडल्यावर टिक् वाजली की डोंगराने ऐकलं म्हणून समज. फोन बंद, म्हणून मदतीसाठी तास-दीड तास मी दाबत होते, सोडत होते. तो नुसता नाही-नाही अशी मान हलवायचा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

वर्लिनने टोपी हातात फिरवली. "तुझं काही चुकलं नाही, ऑर्फा."

चांदी चढवून डबे परत आले ते आरशासारखे. टेबलावर मोजले. फायदा डेसिबलचा विसावा भागही नव्हता. त्याने दोनदा मोजलं.

हजेरी पुन्हा सुरू झाली. गेलेल्याचं नाव एकदा पुकारून गप्प राहायची त्या क्लबाची रीत. वर्लिनने एस्टिलचं नाव घेतलं आणि बटण सोडलं. थोड्या वेळाने कोणीतरी बटण दाबलं. बोललं कोणीच नाही. एस्टिलच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा स्वच्छ ऐकू आलं. मग टिक्.

"ऑर्फा होती ती," बर्ल हळूच म्हणाला. "किती स्वच्छ आली. हरलो मी, फावडं काढतो. किती दिलं रे चांदीने?"

वर्लिनने बटण दाबलं. "काही नाही दिलं. केबलचा जोड हिरवा पडला होता. तो मी पुसला."

"कधी?"

ऑर्फाचा रेडिओ चालूच असणार, हे वर्लिनला माहीत होतं.

"पहिल्या दिवशी. डबे न्यायच्या आधी."

त्याने बटण सोडलं. टिक् वाजली. त्यानंतर त्या हजेरीत कोणीच बटण दाबलं नाही.