केसरची मोजणी

"लाभ," म्हणत साडेचार वर्षांच्या केसरने तांदळाचं पहिलं माप टोपात ओतलं. "दोन. तीन."

तिच्या बाबाने, विपुलने, डोळे मिटले. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या मृणाली टीचरनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. अलिबागच्या नव्या शाळेत प्रवेश देण्याआधी टीचर घरी येऊन पाहत, मुलांना रोजच्या कामात अंक दिसतात का. ज्यांना अंक दिसत नसत, त्यांना पुढे शाळाही दिसत नसे.

विपुलची तयारी मात्र पक्की होती. तो उरणच्या बंदरातून गुजरातेत ट्रेलर नेई. वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावरून व्हिडिओ कॉल करून त्याने महिनाभरात घरभर आकडे चिकटवून घेतले होते. जिन्यावर, डब्यांवर, खिडकीच्या गजांवर. फ्रिजवर १ होता, कारण फ्रिज एकच होता.

"बाय, एक म्हण ना," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पयल्या मापाला कोन एक म्हनतं रं?" ओट्यापासून त्याची आई कोकिळा कडाडली. "लाभच म्हनाचं. टीचर, तुमचेकरं काय म्हनतान?"

"आमच्याकडेही लाभच," टीचर म्हणाल्या. "पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

टीचर केसरकडे वळल्या.

"केसर, मापं तीनच का गं?"

"तीन मानसा जेवतान ना. आजी, आई, मी."

"आणि बाबा?"

"बाबा मोबाईलमदी असतो."

विपुलची बायको कल्पिता कोळंबी सोलत होती. ती सोलतच राहिली.

टीचरनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, "घरातली मोजणी अचूक." प्रवेश नक्की झाला. खाली पालकाची सही हवी होती. विपुलने ती ठसठशीत केली आणि टीचरना फाटकापर्यंत सोडून आला.

आत केसर ताटं मांडत होती. तिसरं ठेवल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तू बसून जेवशील?"

प्रश्न रास्त होता. घरी आला की तो उभ्यानेच, टोपातूनच चार घास खाऊन झोपायला जाई.

"जेवीन की," विपुल ठामपणे म्हणाला आणि चौथं ताट काढायला स्वतःच फळीपाशी गेला. ते सगळ्यात खाली होतं. त्यावर दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.