एकही सेकंद कापलेला नाही

आमच्या पहिल्या अल्बमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे: एकही सेकंद कापलेला नाही. ओळ माझी, आणि मिजासही माझीच.

ढोल्या ड्रम वाजवायचा, मुकी बेस, आणि मी गिटार बडवत ओरडायचे. याला आम्ही पंक म्हणायचो आणि वरच्या मजल्यावरचे घरमालक कटकट म्हणायचे. खाली बाबांचं सोफे दुरुस्त करायचं वर्कशॉप. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागची खोली आमची. आवाज वर जाऊ नये म्हणून बाबांनी जुन्या सोफ्यांतला फोम काढून चारही भिंतींना ठोकला होता. खिळे तोंडात धरून, एकेक काढत. उपयोग शून्य झाला, ती गोष्ट वेगळी.

बँडचा नियम एकच. गाणं एकदाच वाजवायचं, चुकलं तर चुकलं, कुणाला खोकला आला तर तोही राहू द्यायचा. बड्या कंपन्या पॉलिश मारतात, आपण मारायचं नाही. हा नियम केलाही मीच, आणि त्यावरून ढोल्याशी भांडलेही मीच.

आठवं गाणं बाबांवर होतं, 'होय साहेब'. एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून एकच सोफा तीनदा उसवून घेतला होता. तिन्ही वेळा वाटेल ते बोलला, आणि तिन्ही वेळा बाबा 'होय साहेब' म्हणाले. माझं डोकंच फिरलं. रागाच्या भरात त्याच दिवशी गाणं लिहून काढलं. आमच्या गोंगाटात शब्द कुणाच्या बापाला कळत नाहीत, म्हणजे माझ्याही कळणार नाहीत, अशा भरवशावर मी बिनधास्त होते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते गाणं संपलं आणि तेवढ्यात मालक तणतणत खाली आले. आत आमच्या कानांना दडे बसलेले, आम्हाला पत्ताच नाही. दाराजवळच्या माइकने मात्र सगळं पकडलं. घरी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मला कळलं. मालक म्हणत होते, आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर जागा खाली करा. मग बाबांचा आवाज, अगदी स्वच्छ:

"चूक आमचीच आहे, साहेब. मी हात जोडतो."

गाण्याला आयता शेवट मिळाला होता. पण बाबा तिथे थांबले नव्हते, पुढेही बोलले होते. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि काढून टाकलं. त्याने गाण्याची सगळी हवाच निघून जात होती. उरलेलं ढोल्याला ऐकवलं तर तो नाचायलाच लागला. पुढे काय आहे, त्याने विचारलं. नुसती खरखर, मी म्हटलं.

पाकिटं बाबांनीच शिवली, उरल्यासुरल्या रेक्झिनची, दोनशे. त्यावरची ओळ रंगवायला पुठ्ठ्याचा साचाही त्यांनीच कोरला. कोरता कोरता अर्थ विचारला. मी छाती फुगवून नियम समजावला. ते म्हणाले, चांगलं आहे, लपवाछपवी नसलेली बरी. तेव्हाच जमीन दुभंगून मला पोटात घेती तर पुढचं टळलं असतं.

गाणी आम्ही महिनाभर आधीच इंटरनेटवर सोडली होती. पोरांना आठव्याचा शेवट पाठ झाला होता. अल्बम बाहेर आला त्या रविवारी दुपारी एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम ठेवला. बाबा येतो म्हणाले. येऊ नका म्हणायला मी दहा कारणं जुळवली, एकही तोंडातून फुटलं नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कानात कापूस घालून मागे पाकिटांच्या टेबलाशी उभे राहिले.

आठवं गाणं संपलं. शांत झालं म्हणून बाबांनी कापूस काढला. त्याच क्षणी ढोल्याने कॉम्प्युटरवरून तो आवाज लावला, आणि शे-सव्वाशे पोरांनी हात डोक्यावर जोडून, कमरेत वाकून, एका सुरात म्हटलं, चूक आमचीच आहे साहेब, मी हात जोडतो. मग हशा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले, गिऱ्हाइकाकडे पाहून हसतात तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नववं गाणं मी वाजवलंच, निर्लज्जासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये गेले. माफी मागायचीच असं ठरवून गेले होते. बाबा एका खुर्चीला कापड ठोकत होते. मला पाहून त्यांनी तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले, म्हणजे नीट बोलायचं होतं.

"मालकांना मी पुढेही बोललो होतो," ते म्हणाले. "पोरगी जीव ओतून गाते, तेवढं तिचं पुरं होऊ द्या, मग मला काय बोलायचं ते बोला, असं. ते त्यात आलंच नाही. तेव्हा मशीन बंद पडलं होतं का?"

शेजारी स्टुलावर एक पाकीट पडलं होतं, ओळ वर करून. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"हो," मी मान खाली घालून म्हटलं. "बंद पडलं होतं."

"तरीच," बाबा म्हणाले आणि खिळे परत तोंडात धरले.