टाचेच्या हाडाची साक्ष

कारखान्याच्या इस्त्रीविभागाचे साहेब कापडाप्रमाणे माणसेही मोजून घेत. म्हणून त्यांच्या माघारी सारे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. आठ तास उभ्याने इस्त्री करणाऱ्या एका बाईंनी टाच दुखते म्हणून सहा आठवडे बैठे काम मागितले, आणि साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाचकहो, ती कोणाच्या मनात चुकचुकत नाही? दुसऱ्याचे दुखणे दिसत नाही, म्हणून त्याला सोंग म्हणून आपण मोकळे होतो.

साहेबांनी तीन आठवडे पाळत ठेवली. वहीत नोंदी केल्या : ‘आठ वाजता लंगडते. नऊला सरळ चालते. जेवणाच्या सुट्टीतून उठल्यावर पुन्हा लंगडते.’

“लंगडायलासुद्धा वेळापत्रक असतं होय, बाई?” ते एकदा सर्वांदेखत म्हणाले.

“तुम्ही एवढं लिहून घेताय, तर औषधही लिहून द्या की!” बाई म्हणाल्या. मुली इस्त्रीच्या वाफेआड तोंड लपवून हसल्या. साहेबांचा संशय मात्र अधिकच घट्ट झाला.

क्ष-किरणांत हाड निर्दोष निघाले, तर लबाडीच्या आरोपाखाली बाईंना कामावरून काढायचे, असे त्यांनी पक्के केले. बाईंच्या घरात मिळवते हात त्यांचे दोनच होते. तरीही त्या तपासणीला निघाल्या, आणि साहेब जातीने बरोबर गेले. न जाणो, तिथेही काही चलाखी झाली तर!

हाडांच्या वृद्ध डॉक्टरबाईंनी बाईंची टाच बोटांनी दाबून पाहिली, फोटो काढविला, त्यावर रेघा ओढून टाचेच्या हाडाचा कोन मोजला.

“यांना सांगू का, ताई?” त्यांनी साहेबांकडे पाहत विचारले.

“सांगा. एकदाचा यांचा जीव भांड्यात पडू दे.”

“कोन नेहमीच्या मर्यादेत आहे.”

“म्हणजे सोंग!” साहेब जवळजवळ उठलेच. “आकडा खोटं बोलत नाही!”

“नाहीच बोलत. पण त्याला विचारलं तेवढंच तो सांगतो.” डॉक्टरबाईंनी उजेडाच्या फळीवर बाईंच्या फोटोशेजारी दुसरा फोटो लावला. “यातली दुखरी टाच कोणती, ओळखा पाहू.”

साहेबांनी दोन्ही न्याहाळले. एका टाचेमागे हाडाचा ठसठशीत उंचवटा होता. त्यांनी निःशंकपणे त्यावर बोट ठेवले. “ही!”

“ती माझी. साठी उलटली, एक दिवस दुखली नाही!”

साहेबांचे बोट तसेच राहिले.

“पोटरीतून उतरून टाचेला जोडलेली ती जाड धोंडशीर, दुखणं तिथं आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दाबलं की ताई कळवळतात. रेघांनी हाडाचा आकार कळतो, उपचार ठरवायला त्याचा उपयोग होतो. वेदना त्यात मावत नाही. उंचवटा असून न दुखणारे आहेत, नसून दुखणारेही आहेत.”

“पण नऊ वाजता ही सरळ चालते! माझ्याकडं नोंद आहे.” साहेबांनी वही पुढे केली.

डॉक्टरबाईंनी ती वाचली आणि चष्मा काढला. “उत्तम टिपलंत! विसाव्यानंतर पाऊल जड, चाललं की सैल. हीच तर या दुखण्याची खूण. रोगाची लक्षणं तुम्ही गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिहून ठेवलीत!”

साहेबांनी वही मिटली. तीन आठवडे एका माणसाचे प्रत्येक पाऊल पाहिले, आणि त्याला एक प्रश्न विचारायचा राहून गेला! ते बाईंकडे वळले.

“उद्यापासून तुम्ही बसून घड्या घालायच्या. आणि बाई... नेमकं कसं दुखतं हो?”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. आता संशय घेण्याची पाळी त्यांची होती. “खरंच विचारताय, की लिहून घ्यायला?”

“खरंच.”

“मग बसा. सांगायला वेळ लागेल.”

साहेब बसले.

वाचकहो, यंत्राने हाड जरूर मोजावे. पण माणसाच्या खरेपणाचा निवाडा त्या रेघांवर सोपवू नये. परीक्षेआधी विचारपूस करावी, आणि उत्तर मिळेतोवर ऐकावे.