कृपया बाजू स्पष्ट करावी

भिमाजी सस्त्यांच्या ज्या पायाचं ऑपरेशन व्हायला हवं होतं, त्याचंच झालं. बरं, हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तनुजालाही ते वाचायला मिळालं नव्हतं, मग आपले काय लाड?

तनुजा चिंचवडच्या एका रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर, मेडिकल कोडर होती. डॉक्टरांनी जे लिहिलं असेल त्याला ठरलेला कोड द्यायचा आणि तो विमा कंपनीला पाठवायचा. पेशंट बघायचा नाही. बघितला की माया लागते आणि कोड चुकतो, असं टीम लीडर कुलदीपचं मत होतं.

भिमाजी मोशीचे, वय चोपन्न, चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे. कॅन्टीनच्या रांगेत भजी उरली का बघायला चवड्यांवर उंच झाले आणि टाचेमागची शीर तुटली. मार नाही, घसरणं नाही, कुणाचा धक्का नाही. अशा तुटण्याला कोडिंगमध्ये 'आपोआप' म्हणतात आणि त्याचा कोड वेगळा असतो. कोडचा शेवटचा आकडा पायाचा. एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा, नऊ म्हणजे माहीत नाही.

दाखल करतानाच्या नोंदीत लिहिलं होतं, उजवी टाच. एमआरआयच्या अहवालात, डावी.

तनुजाने नोंद पुन्हा वरपासून वाचली. भिमाजींची दोन बाळंतपणं झाल्याचंही तिच्यात होतं. म्हणजे कुणीतरी आधीच्या बाईंची नोंद उचलून इथं चिकटवली होती, आणि पाय तिच्याबरोबर आला होता.

"कुलदीप, पाय चुकलाय."

"कुणाचा?"

"पेशंटचा! ऑपरेशन आजच आहे."

"क्वेरी टाक मग."

क्वेरी म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. त्यात उत्तर सुचवायला सक्त मनाई. 'डावा ना हो?' असं विचारलं तर नोकरीवर गदा. तिने लिहिलं, 'कृपया बाजू स्पष्ट करावी.' स्क्रीनवर हिरवी पट्टी आली: आपणास अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल.

तिने वॉर्डला फोन लावला. पेशंट अकरालाच थिएटरमध्ये गेला होता. थिएटरचा फोन नुसता वाजत राहिला.

"मी खाली जाते."

"अगं बाई, कोडर खाली जात नसतो. जागा सोडलीस तर मला वर कळवावं लागेल."

"कळव."

लिफ्ट तळघरात अडकून होती. तनुजा दोन-दोन पायऱ्या गाळत पहिल्या मजल्यावर आली. थिएटरबाहेरच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

"सस्त्यांच्या का तुम्ही?"

"व्हय, मी गोजाबाई. मालकीन त्यांची. का गं पोरी, काय झालं?"

"कुठला पाय त्यांचा?"

"डावा की. पर ऑपरेशनचा बाण दोन्हीवर हाय."

"दोन्हीवर?"

"सिस्टरनं डाव्यावर काढला. ह्यांनी लगोलग पायावर पाय टाकला. शाई वली हुती, उठला की तिकडं बी ठसा! मी म्हनलं पुसा, तर म्हनले ऱ्हाऊ दे, सरकारी कागदावानी असतंय ते, खाडाखोड करू ने."

बीपीच्या गोळीने दोन्ही पाय सारखेच सुजलेले, दोन्हींवर बाण, आणि ठरवायला एकच गोष्ट उरलेली. ती नोंद. तनुजा दाराकडे धावली.

दाराच्या काचेतून तिला हिरव्या कापडाबाहेर आलेला एक पाय दिसला. पेशंट पालथा होता, म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःलाही पालथं घातलं. उजवाच. ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

दार चार बोटं उघडलं. आत डॉक्टर रविराज, हातात सुरी.

"कोण तुम्ही?"

"कोडिंग."

"कोडिंगला काय झालं?"

'डावा' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण चार वर्षांचं प्रशिक्षण नरड्यावर बसलं होतं. ती ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "दाखल नोंद, उजवी. एमआरआय, डावी. माहिती परस्परविरोधी. कृपया योग्य पर्याय निवडावा. डावी, उजवी, इतर, सांगता येत नाही."

भूल फक्त कमरेखालीच दिलेली होती. कापडाखालून भिमाजींचा आवाज आला.

"अहो, मला इचारा की! शीर माझी हाय. डावी तुटलीया. सिस्टरनं इचारलं, कुठला दुखतोय? म्हनलं दोन्ही. तुटलाय कुठला, ते कुनी इचारलंच न्हाई!"

डॉक्टरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. उजवी पोटरी दाबली. पाऊल हललं, म्हणजे शीर शाबूत. कापड सरकवून डावी दाबली. पाऊल ढिम्म. पुन्हा दाबली. पुन्हा ढिम्म. मास्कच्या वर त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"डावी," ते हळूच म्हणाले.

"लेखी लागेल, सर," तनुजा म्हणाली.

भिमाजींची डावी शीर दुपारी एकपर्यंत शिवून झाली. रुग्णालयाने रीतसर चौकशी केली. काहीच चुकीचं घडलेलं नसल्यामुळे ते कुणी रोखण्याचा प्रश्नच येत नाही, असा निष्कर्ष निघाला. घडलेली एकच गोष्ट सापडली: एक कर्मचारी बावीस मिनिटं जागेवर नव्हती.

कुलदीपने मेमो टेबलावर उपडा ठेवला. "दोन ओळी लिही, सॉरी म्हण, मिटवून टाक."

तनुजाने लिहिलं:

'महोदय, सदर बावीस मिनिटे मी कामावरच होते. जागा मात्र तिसऱ्या मजल्यावर राहिली. अशी गैरसोय पुन्हा होऊ नये याकरिता ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कोडिंग विभागासाठी एक खुर्ची, एक टेबल व दार बडवण्याची लेखी परवानगी कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.'