मोठ्या सिस्टरची गाठ

आईच्या हातची एक गाठ होती. आयसीयूत शुद्ध हरपलेले पेशंट तोंडातली श्वासाची नळी उपटून काढतात, म्हणून त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधावे लागतात. आधी मनगटाभोवती कापसाची गादी, तिच्यावर बँडेजची पट्टी, आणि मग ही गाठ. हात ओढला की ती आवळते. हात कठड्याकडे नेला की सैल पडते, आणि मग करंगळीच्या बाजूला कापसाखाली दडवलेलं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. घाईच्या वेळी नर्सला कात्री शोधत बसावं लागू नये म्हणून आईने ती बसवली होती. आई तिथली हेड नर्स, म्हणून हॉस्पिटलात त्या गाठीला मोठ्या सिस्टरची गाठ म्हणत.

शिकाऊ नर्सना शिकवण्याआधी तिने ती माझ्या आणि दादाच्या मनगटांवर घोटून पाहिली होती. आम्हाला टेबलाच्या पायाला बांधून म्हणायची, "सोडवा बघू." दादा ओढून ओढून लालबुंद व्हायचा.

"अरे गाढवा, ओढू नकोस," ती हसत म्हणायची. "भानावर नसलेला माणूस नुसता ओढत राहतो. हात सैल सोडायचं ज्याला सुचतं, त्याला बांधायची गरजच नसते."

निवृत्तीनंतर तिची फुफ्फुसं आकसत गेली. हे दुखणं बरं होणारं नाही, हे तिला आमच्याआधी कळलं. एका दुपारी नाकाला ऑक्सिजन लावून मटार सोलता सोलता ती म्हणाली, "हे बघा, श्वास संपला की संपला. माझ्या घशात नळी घालायची नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घालायला मी हात लावलाय. परत कोण येतं आणि कोण नाही, ते मला विचारा."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," दादा म्हणाला.

"बरं, मुहूर्त बघून सांगते."

"आई, मी आहे ना. तू कशाला घाबरतेस?"

"तू आहेस, तीच तर भीती आहे," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. हसून झाल्यावर ती पुन्हा मटार सोलू लागली. तिच्या मते विषय संपला होता. दादाच्या मते तो निघालाच नव्हता.

तिचा श्वास अडकला तेव्हा घरात दादा एकटा होता. त्याने तिला उचलून तिच्याच हॉस्पिटलात नेलं आणि समोर दिसेल त्याला सांगितलं, काय वाट्टेल ते करा. मला त्याला दोष देता येत नाही. पाण्याबाहेरच्या मासळीसारखी आई तडफडत असताना मी काय बोलले असते, कोण जाणे.

मी पोहोचले तेव्हा नळी घातलेली होती आणि हात बांधलेले होते. आयसीयूची इनचार्ज आईचीच विद्यार्थिनी. आवाज बारीक, म्हणून आई तिला चिमणी म्हणायची. आता तिचेही केस पिकले होते.

"बांधावं लागलं, ताई," ती म्हणाली. "पण त्यांचीच गाठ आहे. रुतणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. ही तिथली जुनी रीत. पेशंटबद्दल बोलायचं ते पेशंटच्या दाराबाहेर, वळणावरच्या पाण्याच्या मशीनपाशी. आईनेही किती नातेवाइकांना बोटाने खुणावून इथेच आणलं असेल.

"त्यांनी हात सोडवून नळी काढली," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा घालावी लागली. अशा वेळी पेशंट गोंधळलेले असतात. झोपेचं औषध वाढवतो."

"गाठ कशी सोडवली?" मी विचारलं.

"ओढून सोडवली असेल."

मी चिमणी सिस्टरकडे पाहिलं. तिने आधी जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओढून ती सुटत नाही, सर. आवळते. त्यांनी टोक काढून सोडवलीय."

"म्हणजे ती भानावर आहे," मी म्हणाले. "आणि तिने नाही म्हटलंय. तोंडात नळी असताना माणसाने आणखी कसं नाही म्हणायचं?"

"झालं हिचं भाषण सुरू," दादा म्हणाला. "अगं, जन्मभर जी गाठ घातली ती तिचे हात झोपेतही सोडवतील. ह्याला निर्णय म्हणतात? पुस्तकं वाचून वाचून दगड झालीयस तू. मारायचंय का तुला तिला?"

"मला तिचं ऐकायचंय."

"हळू बोला," डॉक्टर म्हणाले. "आत ऐकू जातं."

"मी तेच सांगतेय, डॉक्टर. तिला ऐकू जातं."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, "शुद्धीतल्या पेशंटचा नकार सगळ्यांच्या वर असतो. मुलाच्या, मुलीच्या, माझ्याही. पण तो मला दिसायला हवा. नुसत्या गाठीवरून मी नळी काढू शकत नाही. औषध उतरू दे. दुपारी तुमच्यासमोर त्यांनाच विचारतो."

तोवर नळी निघू नये म्हणून चिमणी सिस्टरने पट्टीची दोन्ही टोकं कठड्याच्या खालच्या दांडीला नेऊन तिथे साधी गाठ मारली, हात पोहोचणार नाही अशी. आईने डोळे उघडले आणि शिकाऊ पोरीचं काम तपासावं तसं त्या गाठीकडे पाहिलं.

"सॉरी, सिस्टर," चिमणी म्हणाली.

दुपारी डॉक्टर आईवर वाकले. "सिस्टर, मी बोलतोय ते कळत असेल तर डोळे मिटा."

तिने मिटले, उघडले.

"तुम्ही हॉस्पिटलात आहात?"

मिटले, उघडले.

"तुम्ही पोलीस आहात?"

डोळे उघडेच राहिले. कपाळावर आठी मात्र पडली, दादाच्या खुळ्या प्रश्नांवर पडायची तशी. डॉक्टर किंचित हसले. मग गंभीर झाले. नळी काढली तर श्वास फार टिकणार नाही, त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ, हे त्यांनी सावकाश, दोनदा समजावलं.

"काढू का नळी?"

दादा पायथ्याशी उभा होता. गप्प राहीन असं त्याने कबूल केलं होतं. त्याने पांघरुणावरून तिचे दोन्ही पाय धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं. "आई, मी काय करू गं? मला कोण आहे दुसरं?" पन्नाशी ओलांडलेला माणूस. आवाज टेबलाच्या पायाला बांधलेल्या पोराचा.

आईची नजर त्याच्याकडे गेली आणि तिथेच थांबली. डोळे मिटले नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग उलटं विचारलं, "राहू दे का नळी?" तेव्हाही मिटले नाहीत. पाणी भरलं, कडेने ओघळून कानात गेलं. पुसायला हात मोकळे नव्हते. मी पुसलं.

"दादाला बाहेर पाठवून विचारा," मी म्हणाले.

"दोघांनाही पाठवतो."

आम्ही पाण्याच्या मशीनपाशी उभे राहिलो. एकमेकांकडे पाहिलं नाही. डॉक्टर बाहेर आले. "आता त्या डोळेच उघडत नाहीत. मी ह्याला हो म्हणू, नाही म्हणू, की थकवा? स्पष्ट नकार मिळाल्याशिवाय मला उपचार थांबवता येणार नाहीत."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. कोणाचंच चुकलं असं म्हणता येत नाही, आणि त्यामुळे कुठे हात टेकायला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या दांडीची गाठ नव्हती. चिमणी सिस्टरने ती कोणाला न विचारता काढली होती. मनगटापाशी फक्त जुनी गाठ होती, आणि तिचं टोक कापसाबाहेर थोडं ठेवलेलं, करंगळी सहज पोहोचेल असं. माझ्याकडे न बघता ती सलाइन तपासत राहिली.

आईने ते टोक पाहिलं. करंगळी हलली, टोकाला लागली. करंगळी तिथे थोडा वेळ थांबली आणि परत गादीवर येऊन पडली.

मग मी रोज तेच पाहायला जायचे. पट्टी बदललेली असायची. टोक जागच्या जागी.

"बघितलंस?" दादा म्हणायचा. "ऐकलं तिने माझं. जगायचंय तिला."

माणसाचा स्वतःच्या देहावर किती हक्क असतो, यावर मी पुष्कळ वाचलं आहे, तिच्यामागे तर आणखीच. पण सोडवायचं कसं ते माहीत असून, टोक बोटाशी असून तसाच पडून राहणारा हात, त्याला संमती म्हणायचं की हार, हे मला कुठे सापडलं नाही. एवढंच कळलं, की मटार सोलताना ती जे बोलली होती ते तिने माझ्यादेखत मागे घेतलं, आणि घ्यायला लावणारी आम्ही तिची मुलं होतो.

ती गेली तेव्हा नळी होती, मशीन चालू होतं. दादा बाहेर भिंतीला टेकून बसला होता. चिमणी सिस्टर ट्रेमध्ये कात्री शोधत होती. डोळ्यांत पाणी असल्यामुळे समोरची कात्री तिला दिसत नव्हती.

मी म्हटलं, "राहू दे."

आईचा हात धरून मी कठड्याकडे नेला. आता त्याला स्वतःची ओढ नव्हती. गाठ सैल पडली. मी टोक ओढलं. एका झटक्यात सुटली. कापूस काढून पाहिला.

मनगटावर ओढल्याचा वळ नव्हता.