सुताच्या गाठी

रोहण्याच्या शाळेत मीराबाई सबनीस रुजू झाल्या त्या चोपन्न साली. मला हेडमास्तर होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बाई रंगूनच्या. वडील तिथे रेल्वेत कारकून, त्यामुळे बाईंचा जन्म तिथला, ट्रेनिंग तिथलं आणि बारा वर्षांची मास्तरकीही तिथलीच. तिथे राहणं कठीण झालं म्हणून चाळिशीत इकडे आल्या. पण त्यांचं सर्टिफिकेट आमच्या खात्याला चालेना. वर्षभर तात्पुरती नेमणूक. इन्स्पेक्टरचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर अठरा वर्षांच्या पोरींशेजारी बसून पहिल्यापासून ट्रेनिंग.

आमची शाळा बुनियादी, म्हणजे हातकामातून शिकवणारी; रोज तासभर टकळीवर सूतकताई. बाईंनी जन्मात टकळी धरली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांचा धागा दहादा तुटला आणि वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

भाषेचीही पंचाईत. बाईंचं मराठी पुस्तकी, पोरांची वऱ्हाडी, आणि मागच्या ओळीतल्या गोंड पोरी घरी गोंडीच बोलत. त्यांतली धुरपता दोन वर्षं पहिलीतच मुक्काम ठोकून होती. ती ढ आहे असं ठरवून मी केव्हाच मोकळा झालो होतो.

बाईंनी तिनंच कातलेलं सूत तिच्या हातात दिलं. दहा हात मोजायचे की एक गाठ मारायची. रंगूनला तमिळ, तेलुगू, बर्मी पोरं एकाच वर्गात असत, तिथे हीच युक्ती चालायची म्हणे. हळूहळू सारा वर्गच गाठी मारू लागला. दिवाळीपर्यंत धुरपता गाठींवरून बोट फिरवत शंभरापर्यंत बेरजा करू लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

माघात इन्स्पेक्टरसाहेब आले आणि त्यांनी आधी पोरांनी कातलेल्या सुताच्या गुंड्या, म्हणजे लडी, मागितल्या. सूत पुढे विणकराकडे जायचं, त्यात गाठ म्हणजे नासाडी. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हाताच्या कामातून शिकवा, असं तेच आम्हाला बजावत आले होते, आणि या गाठींत नेमकं तेच झालेलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. धुरपताला पुढे बोलवा, एवढंच मला म्हणायचं होतं. मी हजेरीची पानं चाळत बसलो.

शेरा आला: पद्धतीची माहिती नाही, सूत वाया घालवले.

पुन्हा ट्रेनिंगला बसायची बाईंच्यात उमेद उरली नव्हती. नागपूरला चुलतभावाकडे निघाल्या तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं.

"गुरुजी, धुरपताच्या बेरजा तुम्ही पाहिल्या होत्या ना?"

मी हो म्हणालो.

"बरं झालं. मला वाटू लागलं होतं, आपलंच काही चुकलं असेल."

त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांचा हुकूम होता म्हणून मी वर्गाकडून साऱ्या गाठी सोडवून घेतल्या. आठवड्यानं धुरपताला विचारलं, तीस आणि चाळीस किती? तिचे हात मांडीवर आले. बोटं काहीतरी शोधत राहिली, मग थांबली.

"गाठी तं तुमीच सोडाले सांगतल्या, गुरुजी," ती म्हणाली. "आता मले कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी मी घरून सुतळी घेऊन गेलो, मोजून दहा गाठी मारलेली. धुरपता आली नाही. ती आईबरोबर कापूस वेचायला लागली होती.